कोऱ्या कवड्या

सोजराबाईंना कशाची किळस येत नाही हे चार शब्दांत सांगता आलं असतं. कशाची येते ते सांगायला अख्खा दिवस पुरला नसता. कपाच्या कानात बसलेला काळा मळ, दुसऱ्याच्या डोक्याचं तेल लागलेली उशी, ओल्या पोतेऱ्याचा कुबट वास, ताकात सापडलेला केस. गोगलगायीचं तर नुसतं नाव काढलं तरी त्या पदर तोंडाशी धरायच्या. पावसाळ्यात मोरीच्या भिंतीला एखादी चिकटलेली दिसली, की मीठ टाकून ती मरेपर्यंत मोरी बंद, आणि मेल्यावर मोरी दोनदा धुवायची. पाण्याला लांब जावं लागायचं, तरी दोनदाच.

पिंपरीत त्या चौपन्न साली आल्या. तुळजापूरच्या पलीकडच्या एका खेड्यात त्यांचा जन्म गेला होता. मुलगा मालोजी औषधाच्या कारखान्यात बाटल्या धुण्याच्या खात्यात लागला, आणि त्यानं आईला आणि बायकोला बोलावून घेतलं. मुलगा बाटल्या धुतो हे सांगताना दुसरी एखादी बाई जरा आवाज खाली आणती. सोजराबाई उलट ठासून सांगायच्या. जगात एक तरी काम असं आहे, की ज्यात माणूस दिवसभर धुतो आणि त्याचा पगार मिळतो, याचं त्यांना कौतुक होतं.

गावच्या अंबूबाईंनी शेताच्या कडेला कौलारू खोल्या बांधल्या होत्या, त्यातली एक यांनी भाड्यानं घेतली. शेजारच्या खोलीत मालवणकडचे यशवंतराव आणि त्यांची बायको शालनबाई. यशवंतराव त्याच कारखान्यात होते. माणसं सज्जन, पण मासे खाणारी. सोजराबाईंनी आल्या आल्या मधल्या भिंतीतली प्रत्येक फट शेण-मातीनं लिंपून घेतली. तरीही सुकट भाजली की वास यायचाच. मग सोजराबाई दारात उभ्या राहून, कोणाला उद्देशून नाही अशा रीतीनं म्हणायच्या, "मेलं काय जळायलंय कुठं की."

आतून शालनबाईंचा आवाज यायचा. "आमचो जेवण जळता गो बाय. ये जेवूक."

सोजराबाईंच्या गळ्यात कवड्यांची माळ होती. त्या आराधीण होत्या; मंगळवारी आणि नवरात्रात माळ-परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायच्या. मालोजी लहान असताना त्याला देवी आल्या होत्या, आणि अंगाची सालटं निघालेलं ते पोर वाचलं तेव्हा त्यांच्या सासूनं आपली माळ सुनेच्या गळ्यात घातली. तेव्हापासून एकतीस वर्षं ती त्यांनी आपण होऊन गळ्यातून उतरवली नव्हती. त्या घरातला नेम असा, की माळ घातली की वशाट सुटलं. अंडंसुद्धा नाही. मेल्या जिवाचं काही अंगाला लागू द्यायचं नाही. सोजराबाईंना हा नेम पाळायला कष्ट पडले नाहीत. तो जणू त्यांच्यासाठीच केला होता.

दुसरा नेम जरा अवघड होता. माळ पुढच्या बाईच्या गळ्यात घालायची ती आपण जिवंत असताना, आपल्या हातानं, घटस्थापनेला. मेलेल्या बाईच्या गळ्यातली माळ तिच्याबरोबरच जाते, मग त्या घराची माळ बुडाली. आणि द्यायची ती भरलेली, चौसष्ट कवड्यांची. खंड पडलेली माळ सुनेच्या गळ्यात घालायची नाही.

खंड पडला होता. पिंपरीला येताना कुर्डुवाडीच्या फलाटावर गर्दीत कोणाची तरी ट्रंक अडकली आणि दोरा तुटला. न्यायला आलेला मालोजी आणि सून इंद्रायणी, दोघं गुडघ्यावर बसून कवड्या वेचत राहिली. एकोणीस रुळांत गेल्या. सोजराबाईंनी तिथंच उरलेल्या ओवून, मोकळ्या जागी गाठी मारून माळ पुन्हा गळ्यात घातली. पुण्यात बाजारात कवड्या मिळत होत्या, पण त्या सारीपाटावर फिरलेल्या, कुणाकुणाच्या मुठीत घामेजलेल्या, कडा झिजलेल्या. देवीला कोरी कवडी लागते. शिवाय त्या दुकानदाराचा अंगठा सोजराबाईंनी पाहिला होता.

सत्तावन्न सालच्या आषाढात त्यांना दम्यानं धरलं. आठ दिवस त्या भिंतीला टेकून बसून होत्या, झोपणं नाहीच. बऱ्या झाल्या तेव्हा त्यांनी इंद्रायणीला जवळ बसवलं आणि सांगितलं, "या नवरात्रात तुझ्या गळ्यात घालणार. पुढलं नवरात्र मला दिसंल का नाही, काय की."

"एकोणीस कमी हायत की, आत्या."

"त्येच बघायलेय."

यशवंतराव गणपतीला गावी निघाले, तेव्हा मालोजीनं त्यांना कवड्यांचं सांगितलं. यशवंतराव हसले. त्यांच्या गावाला कवड्या विकत कोण घेतो. खडकात जाऊन उचलायच्या.

अनंत चतुर्दशीच्या दिवशी ते परत आले. मालोजी दुसऱ्या पाळीला निघाला होता. यशवंतरावांनी घासलेटचा एक धुतलेला डबा त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "एकादशीच्या ओहोटीक काढलंय. ताजे आसत. आत जीव आसा हां. मातयेत पुरून ठेव पंधरा दिवस, मुंगयो खाऊन साफ करतले. तोपर्यंत घरात घेव नको."

मालोजीनं डब्यात डोकावून पाहिलं. पिवळसर, गुळगुळीत, पाडाच्या आंब्यावर तेल चोळावं तशा एकोणीसांहून जास्त कवड्या ओल्या वाळूत पडल्या होत्या. आत जीव आहे ही गोष्ट त्यानं त्या क्षणी ऐकली आणि त्याच क्षणी ठरवलं, की ही आईच्या कानावर जाता कामा नये. रात्री पाळी सुटल्यावर आपणच शेताच्या बांधावर पुरू. घरी येऊन डबा त्यानं ओट्याखाली सरकवला आणि आईला एवढंच म्हणाला, "यशवंतरावांनी आणल्यात. हात लावू नको, मी आल्यावर बघतो." आणि भोंगा चुकू नये म्हणून धावत गेला.

आता यात सोजराबाईंची चूक काढायची म्हटलं तर काढता येणार नाही. त्यांच्या मुलखात समुद्र कोणी पाहिलेला नव्हता. कवडी हा एक दगड असतो आणि तो समुद्राच्या तळाशी आपोआप तयार होतो, जसा नदीत गोटा तयार होतो, अशीच सगळ्यांची समजूत. सासूनं तर सांगितलं होतं, की देवीनं दैत्य मारला तेव्हा तिच्या कपाळावरून घाम सांडला, त्याच्या कवड्या झाल्या. आणि दुसरी गोष्ट, चतुर्दशी होती. उद्याच्या पौर्णिमेपासूनच पितृपाठ लागणार. पितृपाठात देवीची नवी वस्तू उघडायची नाही, तिला हात लावायचा नाही. मग थेट अमावस्या आणि दुसऱ्या दिवशी घट. म्हणजे कवड्यांना न्हाऊ-माखू घालायचं तर आजच. मुलगा पाळीवरून येईपर्यंत थांबलं तर दिवस मावळला असता, आणि मावळल्यावर न्हाणं नाही.

त्यांनी डबा उघडला. वास आला. खारट, थोडासा शेजारच्या खोलीसारखा. त्यांनी तो डब्याचा समजला. डबा उकिरड्यावर भिरकावला आणि कवड्या शिकेकाईनं तीनदा धुतल्या. त्यातल्या चांगल्या एकोणीस निवडल्या, बाकीच्या शेताच्या पाटात टाकल्या. मग दुधानं न्हाऊ घातल्या, हळद-तेल चोळलं, मादरपाटाच्या कोऱ्या फडक्यात बांधल्या, तांब्याच्या लोट्यात ठेवल्या, वरून आणखी दूध शिंपडलं, आणि लोट्याचं तोंड कणकेनं लिंपून बंद केलं. लोटा देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर गेला. घटाच्या सकाळपर्यंत तो आता कोणीही उघडणार नव्हतं.

मालोजी रात्री आला, ओट्याखाली चाचपडला, आणि मग देव्हाऱ्याकडं पाहिलं. आई शांत झोपली होती, आषाढानंतर पहिल्यांदाच आडवी. त्यानं तिला उठवलं नाही. सकाळी सांगू म्हणाला. सकाळी म्हणाला, कदाचित काही होणारही नाही.

भाद्रपदाचं ऊन. तिसऱ्या दिवशी वास सुरू झाला.

सोजराबाईंनी आधी मोरी धुतली. मग भांडी काढून फळ्या धुतल्या. मग गोधड्या नदीवर नेल्या. चौथ्या दिवशी वास गोडसर झाला, जिभेच्या मुळाशी चिकटून बसेल असा, आणि पाणी प्यायलं तरी पाण्याबरोबर पोटात उतरायचा. घराची मालकीण अंबूबाई बघायला आल्या, उंबऱ्यातच थबकल्या आणि नाकावर हात ठेवून म्हणाल्या, "उंदीर मेला असंल, व्हय. कौलात बगा." मालोजीला शिडी लावून वर चढवलं. त्यानं निम्मी कौलं उतरवली आणि निम्मा दिवस वर काढला. खाली येण्यापेक्षा त्याला वरच बरं वाटत होतं. उंदीर सापडला नाही. दुसऱ्या दिवसापासून मालोजी ओव्हरटाइम करू लागला.

पाचव्या दिवशी सोजराबाई शालनबाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. कमरेवर हात, पदर नाकाला.

"काय शिजवायलीस ग तू? पितृपाठात तरी लाज धर की."

"आठ दिस मासो हाडूक नाय मी. तुमचोच वास माझ्या घरात येता."

"माझ्या घरात? माझ्या घरात दोनदा सारवण झालंय आज."

"सारवलां म्हणून कुजलेला जाता काय? घोव माझो जेवूक बसना झालो. माशे खाणारो माणूस तो, तोय उठान गेलो."

हे शेवटचं सोजराबाईंना लागलं. मासे खाणारा माणूस यांच्या घराच्या वासानं ताटावरून उठतो, याहून मोठी बेअब्रू त्यांच्या कल्पनेत नव्हती. घरी येऊन त्यांनी इंद्रायणीवर राग काढला, तिची वेणी हुंगली, तिच्या लुगड्याचे सोगे हुंगले. इंद्रायणीनं हुंगू दिलं. मग म्हणाली, "आत्या, देव्हाऱ्यापाशी जास्त येतोय."

"जीभ झडंल तुझी."

पण इंद्रायणीचं खरं होतं, आणि सोजराबाईंना ते दोन दिवसांपासून ठाऊक होतं. त्या तिथं उदबत्ती जास्त लावत होत्या.

अकराव्या दिवशी दुपारी कणकेचं झाकण आपोआप उचललं गेलं. आधी ते फुगलं, भाकरी फुगते तसं, मग एका कडेनं तडकलं आणि त्या फटीतून तपकिरी फेस बाहेर आला. बुडबुडे येत होते आणि फुटत होते. फेस लोट्याच्या पोटावरून ओघळून फळीवर आला आणि फळीवरून देवीच्या टाकासमोर थेंब थेंब पडू लागला. इंद्रायणी भाकरी टाकून उठली. तिनं लोटा दोन हातांनी उचलला, अंगणात नेला आणि पालथा केला.

मादरपाटाचं गाठोडं पडलं ते काळं-हिरवं होतं. दूध नासून त्याच्या दह्यासारख्या गुठळ्या झाल्या होत्या, आणि त्यात पांढऱ्या अळ्या. कवड्यांच्या त्या दातेरी फटींतून काळपट लगदा बाहेर लोंबत होता. वास आता वास राहिला नव्हता. थोबाडीत मारल्यासारखा तो तोंडावर येत होता. सोजराबाई तुळशीच्या कट्ट्याला धरून ओकल्या. सकाळचं सगळं, मग पाणी, मग नुसतंच.

शालनबाई धावत आल्या. त्यांनी एकदा पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगे बाय माझे. जीव काढल्याशिवाय बांधून ठेवलास?"

"कसला जीव?" सोजराबाई म्हणाल्या.

शालनबाईंना खरोखर वाटलं होतं, की हे सगळ्या जगाला ठाऊक असतं. त्या खाली बसल्या आणि काडीनं एक कवडी उलटी करून दाखवत सांगू लागल्या. लहानपणी त्या ओहोटीला खडकात जायच्या. पाणी मागं हटलं, की खडकांच्या खळग्यांत डबकी राहतात. तिथले दगड उलटे करायचे. दगडाच्या पोटाला, काळोखात, शेवाळात, कवडी चिकटून बसलेली. दिवसा ती बाहेर येत नाही. रात्री निघते आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खाते. "तुमच्या भिंतीर गोगलगाय येता ना, तशीच सरपटता. पाय नाय. पोटावर. दोन शिंगां."

सोजराबाईंनी डोळे मिटले.

"आणि ती जिती आसताना असो पांढरो-पिवळो रंग दिसणा नाय. दोनय बाजूंनी तिचा अंग बाहेर येता, काळसर, मऊ, केसाळ फडक्यासारख्या, आणि वरसून कवडीक गुंडाळून घेता. हात लावलो की ता आत ओढून घेता. तेव्हा खरी चकाकी दिसता. ती सदा अंग चोळत आसता म्हणून तिका शेवाळ धरणा नाय, खडबड नाय. आमची आज्जी म्हणा, कवडी आपणच आपणाक चाटता."

शालनबाई कौतुकानं सांगत होत्या. सोजराबाईंना एकच गोष्ट ऐकू आली. आरशासारखी ती झळाळी, जिला त्या एकतीस वर्षं देवीचं तेज म्हणत आल्या, जिच्यावर रोज सकाळी बोट फिरवून ते बोट डोळ्यांना लावत आल्या, ती एका गोगलगायीची लाळ होती.

त्यांचा हात गळ्याकडं गेला आणि तिथंच थांबला. पंचेचाळीस होत्या. पंचेचाळीस गोगलगायी. ज्या बाईनं अंडं शिवलं नाही, तिच्या गळ्यात, दोन स्तनांच्या मधे, घामात, तापात, झोपेत, पंचेचाळीस मेलेल्या जिवांची कातडी. त्यांनी माळ डोक्यावरून काढली. ती केसांत अडकली, तेव्हा त्यांनी केसांसकट ओढली आणि खुंटीला टांगली.

त्या रात्री मालोजीनं कबूल केलं.

"तुला ठाऊक हुतं?"

"सांगितलं असतं तर तू हात लावला असतास का?"

"नसता लावला."

"मग? माळ बुडली असती."

"आता काय तरली?" सोजराबाई म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या. धाप लागली होती.

पुढचे तीन-चार दिवस त्या काही खाल्लं तरी उलटून टाकायच्या. अंगणात कवड्या राखेखाली झाकून ठेवल्या होत्या. खुंटीवरच्या माळेखालून जाताना त्या वाकून जायच्या, जशी ती खाली उतरून अंगावर येईल. सर्वपित्री अमावस्या उद्यावर आली. घट बसणार की नाही, हे घरात कोणी विचारलं नाही. शेवटी इंद्रायणीनंच विषय काढला. तिला माळेची हौस होती असं नाही; पण तीन वर्षं ती या घरात "मालोजीची बायको" होती, आणि माळ आली की ती या घराची बाई होणार होती. हे तिला कळत होतं आणि सासूलाही कळत होतं.

"आत्या, मला न्हाई किळस येत. मी साफ करते, मीच ओवते. तुमी नुसती गळ्यात घाला."

"मेलेलं जनावर हाय ते."

"देवीच्या पायाखाली काय हाय?"

सोजराबाईंनी देव्हाऱ्याकडं पाहिलं.

"रेडा हाय की, आत्या. मुंडकं तुटलेला. रगात वाहतंय, अन् ती त्याच्यावर पाय देऊन हुबी हाय. ती नाकाला पदर लावून बसली असती तर कसं झालं असतं?"

बोलून झाल्यावर इंद्रायणीच घाबरली. सासूला उलट बोलण्याची तिची ही पहिलीच वेळ. सोजराबाईंनी उठून पदर खोचला. मग म्हणाल्या, "दाभण आण. अन् त्या मालवणीणीला हाक मार."

अमावस्येचा सगळा दिवस त्या अंगणात बसून होत्या. शालनबाईंनी रीत दाखवली. कवड्या चुन्याच्या पाण्यात उकळायच्या, मग पाठीचा फुगवटा सहाणेवर घासायचा. घासून घासून तिथं भोक पडतं, आणि त्या भोकातून दाभणानं आतलं ओढून काढायचं. शालनबाई आणि इंद्रायणी दोघी म्हणाल्या, आम्ही करतो, तुम्ही लांब बसा. सोजराबाई ऐकेनात. पुढच्या बाईला माळ आपल्या हातानं द्यायची म्हणजे आपल्या हातानंच. दाभणाला गुंडाळून आतला लगदा येई तो कधी दोऱ्यासारखा, कधी गिचका. पहिल्या कवडीला त्या उठून ओकल्या. तिसरीला ओकल्या. सातवीला पोटात काही उरलं नव्हतं, तेव्हा नुसती उबळ येऊन गेली.

"सवय जाता हळूहळू," शालनबाई म्हणाल्या.

"मला न्हाई व्हायची. तू गप बस."

प्रत्येक कवडी झाली की त्या ती नाकाशी नेत. हुंगत. पाच कवड्या त्यांनी तीनतीनदा परत उकळायला लावल्या. इंद्रायणी म्हणाली, आता काही वास नाही. सोजराबाई म्हणाल्या, मला येतोय. दिवस मावळायच्या आत एकोणीस झाल्या. मग खुंटीवरची माळ काढली, गाठी सोडल्या आणि नव्या जुन्यांत ओवल्या. जुन्या पिवळ्या पडलेल्या, नव्या पाठीवर घासलेल्या पांढऱ्या. फरक लांबून दिसत होता.

घटस्थापनेच्या सकाळी त्यांनी माळ इंद्रायणीच्या गळ्यात घातली. मंत्र म्हणताना आवाज नीट होता, फक्त चेहरा असा होता, की तोंडात कडू काही धरून ठेवलं आहे आणि थुंकायला जागा नाही. इंद्रायणी पाया पडायला वाकली तसे सोजराबाईंनी पाय मागं घेतले.

"दोन दिवस मला शिवू नको. मग बघू."

आणि अंग घासायची वजरी घेऊन त्या नदीवर गेल्या. पवनेला पाणी गढूळ होतं. शालनबाई तिथंच धुणं धूत होत्या. सोजराबाई गुडघाभर पाण्यात बसल्या आणि गळ्याभोवती वजरी घासू लागल्या. माळेच्या जागी गळ्याभोवती एक पांढरट पट्टा होता, एकतीस वर्षं ऊन न लागलेला. त्या तो घासत राहिल्या, लाल होईपर्यंत, आणि तो जाईना.

शालनबाईंनी हातातलं धुणं पाण्यातून ओढलं. मग धुणं पिळता पिळता म्हणाल्या, "अगे, ता मळ नाय. तुझी कातडी आसा ती."

सोजराबाईंनी ऐकलं, आणि वजरी पुन्हा उचलली.